आत्मलेखनातील नाव : फ्रेंच व फ्रेंचभाषक साहित्याचे अध्यापन आणि सोलापूर परिसरातील आत्मकथने

प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना आपण बहुधा व्याख्येपासून प्रारंभ करतो, आणि अलीकडे ही व्याख्या पुष्कळदा फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यन यांची असते. १९७१ मध्ये त्यांनी फ्रान्समधील आत्मचरित्रांवर पहिला ग्रंथ लिहिला आणि १९७५ मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही संकल्पना सविस्तर मांडली. खऱ्या व्यक्तीने स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहत लिहिलेले, व्यक्तिमत्त्वाच्या घडणीवर भर देणारे गद्य निवेदन, असा त्या व्याख्येचा आशय आहे. विद्यार्थी ती पाठ करतात. त्यानंतर अभ्यासक्रमातील मराठी पुस्तके त्या चौकटीत बसतात की नाही, हे पाहिले जाते. न बसणाऱ्या पुस्तकांना ‘आत्मचरित्र नव्हे, आत्मकथन’ असे म्हणून पुढे जाण्याची सोय आपल्या परिभाषेने करून ठेवलेली आहेच.

प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या प्रबंधिकेत हेच केले होते. (ही पदवी आता इतिहासजमा झाली आहे, त्या प्रबंधिकेविषयी फारशी हळहळ वाटू नये.) दया पवार यांच्या ‘बलुतं’ची निवेदनपद्धती तेथे एका परिच्छेदात ‘तंत्र’ म्हणून निकालात काढली होती. पुढे फ्रेंच भाषा शब्दकोश शेजारी ठेवून वाचण्याइतपत आल्यावर लज्यन यांचे मूळ विवेचन आणि उत्तर आफ्रिकेतील फ्रेंचभाषक लेखक वाचनात आले, तेव्हा ती चूक ध्यानात आली. त्या चुकीच्या निमित्तानेच हा लेख लिहिला आहे. फ्रेंच आत्मलेखन आपल्या महाविद्यालयांतून अवश्य शिकवावे, परंतु ते मोजपट्टी म्हणून शिकवू नये. ते आपल्या पुस्तकांशेजारी ठेवले असता दोहोंतील एकच अडचणीची जागा उघड होते. ती जागा म्हणजे लेखकाचे नाव.

कराराचा आधार

लज्यन यांच्या मांडणीत लेखक, निवेदक आणि मुख्य व्यक्तिरेखा हे तिघे एकच असल्याची हमी वाचकाला मिळते, तेव्हा करार पूर्ण होतो. ही हमी मिळते मुखपृष्ठावरील नावामुळे. संहितेच्या बाहेरील जगाकडे निःसंशय बोट दाखविणारी खूण तीच, कारण त्या नावाची व्यक्ती अस्तित्वात असल्याची नोंद नागरी दप्तरात सापडते. आत्मचरित्राची चर्चा प्रामाणिकपणा, आठवण आणि सत्य यांच्या धूसर प्रदेशातून काढून त्यांनी ती मुखपृष्ठासारख्या तपासता येण्याजोग्या गोष्टीवर आणली. हे त्यांचे मोठे काम आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही.

मात्र या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. लिहिणाऱ्याला लिहिण्यापूर्वीच एक निश्चित, निर्विवाद नाव असते आणि ते देणाऱ्या दप्तराशी त्याचे भांडण नसते, ही ती गोष्ट.

फ्रेंच परंपरेतसुद्धा हे गृहीत सरसकट टिकत नाही. अठराव्या शतकात अनेक लेखक टोपणनावाने किंवा निनावी लिहीत. ‘व्हॉल्तेर’ हेच मुळी धारण केलेले नाव होते. अशा काळात रूसो आपल्या ग्रंथांवर स्वतःचे नाव घालण्याचा आग्रह धरतो, आणि त्याचे ‘कन्फेशन्स’ त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ व १७८९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध होते. स्तांदाल हेही टोपणनावच. मूळ नाव आंरी बेल. आपले बालपण लिहिताना मात्र त्याने दोन्ही नावे बाजूस सारून ‘आंरी ब्र्युलार’ असे तिसरे नाव घेतले, ज्याची आद्याक्षरे तेवढी मूळ नावाशी जुळतात. हे पुस्तक त्याने १८३५-३६ मध्ये लिहिले आणि ते १८९० मध्ये छापले गेले.

सेर्ज दुब्रोव्स्की यांची गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास आवडते. लज्यन यांनी नाव आणि करार यांच्या संभाव्य जोड्यांचा एक तक्ता केला होता. कादंबरी म्हणून लिहिलेल्या पुस्तकात नायकाला लेखकाचेच नाव असेल तर काय, या प्रश्नाचे घर त्यांनी रिकामे सोडले. दुब्रोव्स्की यांनी १९७७ च्या ‘फिस’ या पुस्तकाने ते घर भरले आणि त्या प्रकाराला ‘ओतोफिक्सियाँ’ हे नाव दिले. मराठीत त्यास ‘आत्मकल्पित’ म्हणता येईल. उत्तरपत्रिकांतून याचा अर्थ ‘खोटे आत्मचरित्र’ असा दिला जातो, तो चुकीचा आहे. दुब्रोव्स्की यांच्या दृष्टीने घटना खऱ्याच होत्या. कल्पित होते ते त्यांच्या मांडणीतील आणि भाषेतील साहस.

दप्तराने दिलेली नावे

नावाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र होतो तो वसाहतींतील फ्रेंच लेखनात. आल्बेर मेमी (१९२०-२०२०) हे ट्युनिसमधील एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘ला स्ताच्यू द सेल’ अर्थात ‘मिठाचा पुतळा’ हे पुस्तक कादंबरी म्हणून छापले गेले असले तरी त्याचा बराचसा ऐवज आत्मचरित्रात्मक आहे. त्याच्या निवेदकाचे नाव आलेक्सांद्र मोर्देखाई बेनिलुश. यातील पहिला शब्द पश्चिमेकडे तोंड करून ठेवलेला, दुसरा ज्यू धर्मपरंपरेतील, तिसरा बर्बर-अरबी बोलीतील, ज्याचा अर्थ ‘कोकराचा पुत्र’. हा मुलगा फ्रेंच शाळेत जातो तेव्हा त्याच्या नावाचा प्रत्येक तुकडा त्याला वेगळ्या जमावाकडे ओढतो आणि कोणताही जमाव त्याला पुरता आपला म्हणत नाही.

अल्जीरियातील काबील प्रदेशातले शिक्षक मुलूद फेराऊन यांनी १९५० मध्ये ‘गरिबाचा मुलगा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नायकाचे नाव त्यांनी फुरुलू मन्राद असे ठेवले. रोमन लिपीत ही दोन नावे शेजारी लिहून पाहिली असता स्वतःच्याच नावाची अक्षरे विस्कटून हे नवे नाव जवळजवळ बनविले आहे, हे दिसते. फळ्यावर हे करून दाखविण्यास दोन मिनिटे लागतात आणि ‘लेखक व नायक एकच आहेत काय’ हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतात. फेराऊन यांची १५ मार्च १९६२ रोजी, अल्जीरियाच्या स्वातंत्र्यास काही महिने उरले असताना, वसाहतवादी सशस्त्र संघटनेने हत्या केली.

या लेखकांच्या नावामागे एक प्रशासकीय इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे साहित्य शिकविणे अपुरे ठरते. २३ मार्च १८८२ च्या कायद्याने फ्रेंच सत्तेने अल्जीरियातील मुस्लिम रहिवाशांना आडनाव सक्तीचे केले. तोवर माणसाची ओळख बाप, आजोबा, कुळ, गाव अशी साखळीने सांगितली जाई. आता एका कारकुनाने एका रकान्यात एक शब्द लिहायचा होता. ज्या नागरी दप्तरावर लज्यन यांचा करार विसावतो, त्याच प्रकारच्या दप्तराने येथे माणसांना परके नाव दिले.

आपल्याकडे याच्याशी नाते सांगणारी वस्तू म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. आडनाव, जात, जन्मतारीख या तिन्ही गोष्टी तेथे एकदा जशा पडल्या तशा आयुष्यभर चालतात. सोलापूरला आणखी एका रजिस्टराचा अनुभव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात ज्या जमातींना येथील सेटलमेंटमध्ये ठेवण्यात आले, त्यांच्या बाबतीत नाव ही हजेरी देण्याची गोष्ट होती. हा कायदा १९५२ मध्ये संपला. ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र शहराच्या पत्त्यांत अद्याप आहे.

अक्करमाशी आणि कोल्हाट्याचं पोर

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील दोन पुस्तके वाचावीत. शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावचा. ‘अक्करमाशी’ प्रसिद्ध झाले १९८४ मध्ये. तोळ्याचे मासे बारा. त्यात एक कमी भरला तर ते सोने अक्करमाशी, म्हणजे हीणकस. अनौरस संततीला हा शब्द लावणारा समाज माणसाचे वजनमाप सोन्याच्या काट्यावर करतो. इंग्रजी अनुवादाला ‘द आउटकास्ट’ हे शीर्षक मिळाले. जातीबाहेर काढल्याचा अर्थ त्यात आला, तराजू मात्र गेला.

या पुस्तकातील निवेदकाची आई महार समाजातील, आणि वडील लिंगायत पाटील. मुखपृष्ठावर छापलेले ‘लिंबाळे’ हे आडनाव त्या वडिलांचे. शाळेत नाव घालताना वडील म्हणून कोणाचे नाव लावावे, यावरून निर्माण झालेला पेच पुस्तकात आला आहे. आता लज्यन यांच्या करारापुढे हे मुखपृष्ठ धरून पाहावे. त्यांच्या मते नाव ही हमी आहे, तिच्या आधारे पुढचे वाचायचे. येथे ते नावच वादग्रस्त आहे आणि सबंध पुस्तक त्या नावावरील हक्काचा दावा आहे. हमी पुस्तकाच्या आधी मिळालेली नसून पुस्तक लिहून ती मिळविली जाते. आत्मचरित्राच्या व्याख्येत हे बसत नाही असे म्हणण्यापेक्षा, व्याख्येने जे न बोलता गृहीत धरले होते ते या पुस्तकाने बोलून दाखविले असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसरे पुस्तक किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४). करमाळा तालुक्यातील नेर्ले येथील या लेखकाची आई तमाशात नाचणारी. पुढे डॉक्टर झालेल्या आणि २००७ मध्ये अकाली निधन पावलेल्या या लेखकाने मधल्या नावाच्या जागी आईचे नाव ठेवले. लिंबाळे नाकारलेल्या वडिलांचे नाव मागून घेतात. काळे ती जागाच आईला देऊन टाकतात. एकाच जिल्ह्यात, एका दशकाच्या अंतराने, नावाच्या रकान्याशी झालेली ही दोन परस्परविरुद्ध भांडणे आहेत. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत आईचे नाव समाविष्ट करणे बंधनकारक केले आहे. काळे यांच्या मुखपृष्ठानंतर तीस वर्षांनी.

आता ‘बलुतं’कडे (१९७८) वळू. येथे दया पवार नावाचा शिकलासवरलेला लेखक ऐकत असतो आणि दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगत असतो. दोघे एकच आहेत. दगडू हे घरचे, गावचे, दाखल्यावरचे नाव. दया हे साहित्याच्या जगात मिळविलेले. मुखपृष्ठावर दया आहे आणि आयुष्य दगडूचे आहे. कराराच्या भाषेत सांगायचे तर लेखक व नायक यांची नावे जुळत नाहीत, आणि तरीही कोणाही वाचकाला हे आत्मचरित्र असल्याविषयी क्षणभरही शंका येत नाही. वर उल्लेखिलेल्या प्रबंधिकेत यालाच ‘तंत्र’ म्हटले होते. वास्तविक शिक्षणाने एका माणसाची दोन माणसे केली, ही त्या पुस्तकाची मुख्य हकीकत आहे, आणि ती निवेदनाच्या रचनेतच मांडलेली आहे.

मराठी स्त्रियांच्या आत्मलेखनात तर दोन नावे ही नित्याचीच बाब होती. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. ही पुस्तके आपण इतकी वर्षे शिकवीत आहोत, परंतु जिचे बालपण सांगितले जात आहे ती आणि जी सांगत आहे ती, यांची नावे वेगळी आहेत याकडे परीक्षेचा प्रश्न म्हणून आपण कधी पाहिले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२२ चे नोबेल पारितोषिक आनी एर्नो यांना मिळाल्यापासून त्यांची तुलना दलित आत्मकथनांशी करण्याचा मोह परिसंवादांतून वाढला आहे. ‘ला प्लास’ (१९८३) मध्ये त्यांनी आपल्या वडिलांचे आयुष्य सांगितले आहे. शेतमजूर, कारखान्यातील कामगार आणि अखेर नॉर्मंडीतील लहान गावात कॉफीगृह व किराणा दुकान चालविणारा हा माणूस. मुलगी शिकून शिक्षिका झाली आणि त्या शिक्षणामुळेच त्याच्यापासून दुरावली. दया आणि दगडू यांच्यातील अंतर समजण्यास हे पुस्तक फार उपयोगी पडते. पण वर्गाची लाज आणि अस्पृश्यता एक नव्हेत. एर्नो यांच्या वडिलांच्या दुकानात गावाने येऊन बसण्याला कोणतीही आडकाठी नव्हती, आणि लिंबाळे यांच्या निवेदकाला ज्या पाणवठ्याची आडकाठी होती ती पदवी मिळाल्याने दूर होणारी नव्हती. तुलना करताना हा फरक पहिल्याच तासाला सांगितला पाहिजे.

फ्रेंचमध्ये गेल्यावर

ही देवघेव दुसऱ्या दिशेनेही झाली आहे. ‘बलुतं’चा फ्रेंच अनुवाद १९९० मध्ये ‘माझे अस्पृश्याचे जीवन’ अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. पुण्यात राहून हेमा राईरकर यांच्यासमवेत जात्यावरच्या ओव्यांचे अफाट संकलन उभे करणारे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गी प्वातवाँ यांनी बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’चा अनुवाद १९९१ मध्ये केला, त्याचे शीर्षक ‘अस्पृश्य स्त्रीचा शब्द’ अशा अर्थाचे आहे. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ २००२ मध्ये फ्रेंच वाचकांसमोर गेले ते थेट ‘अस्पृश्य’ या नावाने.

तिन्ही मुखपृष्ठांवर तोच एक शब्द आला, हा योगायोग मानता येत नाही. पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्याला ‘बलुतं’ हा शब्द कळणार नाही, हे मान्य. पण गावगाड्यातील कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या वाट्याचा हिशेब त्या शब्दात होता, तो शीर्षकातून गेला. ‘आमचं’ आणि ‘आम्ही’ ही सर्वनामेही गेली. एर्नो यांनी ‘ले-झाने’ (२००८) या पुस्तकात ‘मी’ टाळून ‘ती’ आणि ‘आपण’ या सर्वनामांत आयुष्य सांगितले, तेव्हा त्या प्रयोगाची जगभर वाखाणणी झाली, आणि ती योग्यही आहे. बेबी कांबळे यांनी १९८६ साली शीर्षकातच ‘आमचं’ लिहिले होते. फ्रेंच वाचकापर्यंत पोहोचताना तेच नेमके वगळले गेले.

कोणत्या भाषेत ‘मी’ म्हणावे

आसिया जेबार (१९३६-२०१५) यांचे मूळ नाव फातिमा-झोहरा इमालायेन. म्हणजे येथेही मुखपृष्ठावर घेतलेले नाव आहे. २००५ मध्ये त्या फ्रेंच अकादमीवर निवडल्या गेल्या. त्यांचे ‘लामूर, ला फांताझिया’ (१९८५) सुरू होते ते एका लहान अरब मुलीपासून, जी वडिलांचा हात धरून पहिल्यांदा शाळेत निघाली आहे. वडील त्याच फ्रेंच शाळेत शिक्षक. पुढे या पुस्तकात तिचे बालपण, १८३० च्या फ्रेंच आक्रमणाच्या नोंदी आणि स्वातंत्र्ययुद्धातील बायकांनी तोंडी सांगितलेल्या हकीकती आळीपाळीने येतात. ज्या भाषेने आजोळ जिंकून घेतले तिच्याच साहाय्याने आजोळ सांगायचे, आणि आजीची भाषा मात्र लेखनात उतरत नाही, हा त्यातील सल आहे.

‘प्रमाण मराठी ही दलित लेखकांची फ्रेंच आहे काय?’ असा प्रश्न एका सहकाऱ्यांनी चर्चेत विचारला होता. प्रश्न आकर्षक आहे, पण माझे उत्तर नकारार्थी आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांच्यात माणूस दिवसातून अनेकदा ये-जा करतो. फ्रेंच आणि अरबी यांच्यामध्ये लष्कर उभे होते. सोलापुरात मात्र जेबार यांच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारी परिस्थिती आहे. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे घरोघरी कन्नड आहे, कित्येक घरांत दखनी आहे. ही सर्व मुले आपल्या वर्गात बसून मराठीत ‘माझे बालपण’ लिहितात. फ्रेंचभाषक साहित्याचा अभ्यास म्हणजे दूरदेशीचा अभ्यास, असे ज्या वर्गाला वाटते त्या वर्गातील निम्मे विद्यार्थी कदाचित हा प्रश्न रोज घरून घेऊन येतात.

१९९२ मध्ये लज्यन यांनी सहकाऱ्यांसमवेत आत्मचरित्रासाठी एक संस्था स्थापन केली. आंबेरियू या लहान शहरात तिचे संग्रहालय आहे आणि कोणाही सामान्य माणसाची अप्रकाशित आत्मचरित्रे, दैनंदिन्या व पत्रे तेथे स्वीकारून, वाचून, जतन केली जातात. गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षे आणि विडी वळणाऱ्या बायकांचे दिवस सांगणारी माणसे सोलापुरात अद्याप आहेत. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक कपाट यासाठी पुरेसे आहे. आमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नाव २००४ मध्ये एक आणि २०१९ पासून दुसरे असल्याने, नावबदलाच्या नोंदी ठेवण्याचा सराव आपल्या कार्यालयांना आहेच.

मागील सत्रात मेमी यांच्या पुस्तकातील नावाविषयीचा भाग आणि ‘अक्करमाशी’तील शाळाप्रवेशाचा भाग एकाच आठवड्यात शिकविला आणि विद्यार्थ्यांना ‘माझे नाव’ या विषयावर एक पान लिहिण्यास सांगितले. गुण दिले जाणार नाहीत, हेही सांगितले. दाखल्यावरचे नाव लिहायचे की घरचे, हा प्रश्न लगेच आला. दोन्ही लिहा, असे उत्तर दिले. एका विद्यार्थिनीने पान मराठीत लिहिले होते. आजी तिला ज्या नावाने हाक मारते ते नाव आले तेथे मात्र तिने ओळ मोकळी सोडून, ते तेलुगू लिपीत लिहिले होते. ती लिपी तिला शाळेत कोणी शिकविली नव्हती. तेवढी अक्षरे आजीकडून गिरवून आणली होती.